औषध लागू पडेना, तर पुढची बाटली कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पन्हाळा तालुक्यात करार पद्धतीवर, म्हणजे पिल्लं-खाद्य-औषध कंपनीचं आणि पाळणं तुमचं, ३,००० ब्रॉयलर (मांसाच्या) कोंबड्यांचं शेड. प्रत्येक बॅचला पहिले ३ दिवस एन्रोफ्लॉक्सासिन (एन्रो) हे अँटिबायोटिक, मध्ये एकदा ‘पोट साफ राहावं म्हणून’ कसली तरी पावडर, आणि विसाव्या दिवसानंतर घुरघुर सुरू झाली की टायलोसिन-डॉक्सी ही अँटिबायोटिकांची जोडी. पूर्वी या क्रमात बॅच निघून जायची. आता बॅच २४ दिवसांची आहे, टायलोसिन-डॉक्सीचे ३ दिवस झाले, तरी रोज आठ-दहा पक्षी मरतायत. दुकानदार म्हणतो लिव्होफ्लॉक्सासिन टाका, कंपनीचा सुपरवायझर म्हणतो आहे तेच दुप्पट करा. ‘दोघांतलं कोणाचं ऐकू?’ असं तुम्ही विचारलंय.

कोणाचंच नको. आज तिसरं औषध टाकू नका आणि डोसही वाढवू नका. आज सकाळचे ताजे मेलेले दोन-तीन आणि मान टाकून बसलेले दोन जिवंत पक्षी घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जा आणि शवविच्छेदन करून घ्या. बाटली उघडण्याआधी पक्षी उघडायचा, हा क्रम आपल्याकडं उलटा झालाय. रात्रभर शेडमध्ये पडून फुगलेला पक्षी नेऊ नका, त्यातून काही कळत नाही. आणि एका रात्रीत शेकड्यांनी मर झाली असेल, तुरे-पाय निळे पडले असतील, तोंड सुजलं असेल, तर पक्षी उघडायचा नाही, हलवायचाही नाही. सरळ पशुसंवर्धन खात्याला कळवायचं. ही लक्षणं बर्ड फ्लूची असू शकतात, २००६ साली नवापूरला तो आला होता. तुमच्या वर्णनावरून तसं दिसत नाही.

पक्षी उघडल्यावर डॉक्टर काय बघतात ते तुम्हीही शेजारी उभं राहून बघा, हातमोजे आणि मास्क लावून. छातीचं हाड वर उचललं की आधी हृदय आणि यकृत दिसतं. त्यांच्यावर दुधावरच्या सायीसारखा पिवळट पांढरा थर बसला असेल, तर ई-कोलाय हा आतड्यातला जंतू आत शिरलाय. हवेच्या पिशव्या निरोगी पक्ष्यात पारदर्शक असतात. त्या गढूळ झाल्या असतील किंवा त्यात फेस असेल, तर सीआरडी, म्हणजे मायकोप्लाझ्मा या जंतूनं होणाऱ्या जुनाट श्वसनरोगाचा संशय येतो. बहुतेक वेळा हे दोन्ही एकत्र सापडतात. मांडीच्या मांसावर रक्ताचे ओरखडे आणि शेपटीजवळचा बर्सा नावाचा गाठीसारखा अवयव सुजलेला असेल तर गंबोरो हा रोग. जठराच्या आतल्या बाजूला रक्ताचे ठिपके असतील तर मानमोडीचा, म्हणजे राणीखेतचा विचार करायचा. सीकममध्ये, म्हणजे आतड्याच्या शेवटाकडच्या दोन पिशव्यांत, रक्त भरलं असेल तर कॉक्सी, म्हणजे कॉक्सिडिओसिस.

यातल्या गंबोरो आणि मानमोडीवर जगातलं कुठलंही अँटिबायोटिक चालत नाही, कारण ते विषाणू आहेत. कॉक्सीचा जंतू बॅक्टेरियाही नाही आणि विषाणूही नाही, तो एकपेशीय परजीवी आहे. त्याची औषधं वेगळी, अँप्रोलियम-टोल्ट्राझुरिलसारखी. म्हणजे आपण ज्या रोगांना ‘मर लागली’ म्हणून एकाच पोत्यात भरतो, त्यातल्या निम्म्यांना तुमच्या कपाटातल्या बाटल्या लागूच नाहीत. परसात पाच-दहा गावरान कोंबड्या पाळणाऱ्या आयाबायाही मानमोडीच्या दिवसांत माणसाची कॅप्सूल फोडून पाण्यात कालवतात. कोंबडी वाचत नाही ती नाहीच. तिला वेळेवर लस हवी होती.

समजा ई-कोलाय निघाला. तरी कुठलं औषध, हा प्रश्न अंदाजानं सोडवण्यासारखा उरलेला नाही. तुमच्या शेडातला ई-कोलाय बॅच-बॅच एन्रो खाऊन बसलाय. त्याचा कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट काढा, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून तो कुठल्या औषधाला दाद देतो ते बघतात. यकृताचा किंवा हृदयाचा नमुना निर्जंतुक डबीत, बर्फावर ठेवून पाठवायचा असतो आणि ते काम डॉक्टरच करतील. महामार्गावर शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभाग आहे. रिपोर्टला दोन-तीन दिवस जातात. ‘तोवर पक्षी मरतील की,’ असं तुम्ही म्हणाल. तोवर डॉक्टर शवविच्छेदनावरून एक औषध निवडतील, आणि ते निवडताना तुमच्या शेडात आजवर काय काय वापरलं हे त्यांना लागेल. ती यादी खरी सांगा. लोक डॉक्टरसमोर अर्धी औषधं लपवतात.

लिव्होफ्लॉक्सासिन का नको, हे नीट समजून घ्या. एन्रो आणि लिव्हो एकाच घराण्यातली, फ्लुरोक्विनोलोन. एकाला दाद न देणारा जंतू बहुतेक वेळा दुसऱ्यालाही दाद देत नाही. त्यामुळे दुकानदार तुम्हाला वेगळं औषध देत नाहीये, वेगळं लेबल देतोय. दुसरं असं की औषधांना न जुमानणाऱ्या टीबीवर माणसांना जी औषधं देतात, त्यात लिव्होफ्लॉक्सासिन आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं माणसांसाठी सर्वांत जपून ठेवायच्या अँटिबायोटिकांत फ्लुरोक्विनोलोन, कोलिस्टिन आणि तिसऱ्या-चौथ्या पिढीची सेफॅलोस्पोरिनं धरली आहेत. अमेरिकेनं तर २००५ सालीच कोंबड्यांमधलं एन्रोफ्लॉक्सासिन बंद केलं, कारण चिकनमधून माणसात जाणारा कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जुलाबाचा जंतू त्याला दाद देईना. आपल्याकडं ते अजून चालतं, पण ते शेवटी काढायचं औषध आहे. पिल्लं आल्या आल्या स्वागताला द्यायचं नव्हे.

डबल डोसचं म्हणाल, तर जंतूकडं औषध निकामी करण्याची किंवा बाहेर फेकण्याची सोय झाली असेल, तर दुप्पट देऊन त्याला फरक पडत नाही. फरक पक्ष्याच्या यकृत-मूत्रपिंडाला पडतो. टायलोसिन-डॉक्सीमध्ये अमॉक्सी घालण्याचा सल्लाही कोणीतरी देईलच, म्हणून आधीच सांगतो. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिका नसते आणि अमॉक्सिसिलिन भित्तिकेवरच काम करतं. जिथं भिंतच नाही तिथं पाडणार काय? आणि टियाम्युलिन तर कोणाच्या सांगण्यावरून स्वतःहून कधीच घालू नका. खाद्यात कॉक्सीसाठी सॅलिनोमायसिन, मोनेन्सिन किंवा नॅरासिन असेल आणि पाण्यातून टियाम्युलिन गेलं, तर पक्षी लुळे पडून मरतात. खाद्यात काय आहे हे पोत्यावरच्या लेबलवर बघा, नसेल तर कंपनीकडून लेखी मागा.

आता त्या पहिल्या ३ दिवसांविषयी. निरोगी पिल्लाच्या पोटात कोट्यवधी जंतू असतात, त्यातले बरेचसे उपयोगाचे. तुम्ही एन्रो दिलं की दुबळे आणि उपयोगाचे दोन्ही मरतात, आणि ज्या मूठभरांकडं बचावाची सोय आहे ते मोकळ्या रानात वाढतात. ती सोय काही वेळा जनुकांच्या अशा तुकड्यावर असते, जो एक जंतू शेजारच्या जंतूला देऊ शकतो, शेजारी वेगळ्या जातीचा असला तरी. पक्षी विकले जातात, पण हे जंतू फटीत, काळ्या किड्यांत, पाईपात, उंदरांत राहतात आणि पुढच्या पिल्लांची वाट बघतात. पूर्वी चालणारा क्रम आता चालत नाही, याचं एक मोठं कारण हे आहे. औषध बनावट निघालं नाही, तुम्हीच शेडात त्याचा विरोधक पोसला. आणि पहिल्या आठवड्यात बेंबी ओली, पोटात बलक न जिरलेला, अशी मर सारखीच येत असेल, तर ती हॅचरीची, म्हणजे पिल्लं उबवणाऱ्या केंद्राची तक्रार आहे. फोटो आणि आकडे ठेवून ती कंपनीकडं करायची. हॅचरीची घाण तुमच्या खर्चानं एन्रोत का धुवायची?

विसाव्या दिवसाची घुरघुर मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिचं मूळ बहुधा औषधाच्या कपाटात नाहीच, ते पडद्यात आहे. आपल्या भागात, पन्हाळा-शाहूवाडी-गगनबावड्याकडं तर जास्तच, जूनला पाऊस लागला की शेतकरी पडदे खालपासून वरपर्यंत बांधून टाकतो. ओल आत येऊ नये हा हेतू. पण ३,००० पक्ष्यांच्या श्वासाची आणि विष्ठेची ओल आतच कोंडते, पक्ष्यांखाली पसरलेली तुसाची गादी भिजते, थापून घट्ट होते आणि अमोनिया सुटतो. उभं राहून वास घेऊ नका, माणसाच्या उंचीवर तो कमी लागतो. शेडच्या मध्यभागी जाऊन पक्ष्यांच्या उंचीला उकिडवं बसा आणि थोडा वेळ थांबा. डोळे चुरचुरले तर पक्षी ते चोवीस तास सोसतोय. श्वासनलिकेच्या आत बारीक केसांचं अस्तर असतं, ते धूळ आणि जंतू वर ढकलून बाहेर काढतं. अमोनिया ते अस्तर निकामी करतो. मग गादीतला ई-कोलाय धुळीबरोबर थेट हवेच्या पिशव्यांत उतरतो. तुम्ही औषध देता, थोडं बरं वाटतं, हवा तीच राहते, आणि चार दिवसांनी पुन्हा तेच.

म्हणून आजच पडद्याची वरची बाजू उघडा. वरून निदान फूट-दीड फूट मोकळं, खालून बंद, म्हणजे वारा पक्ष्यांच्या अंगावर न येता कोंदट हवा बाहेर जाते. पावसाची झड येणाऱ्या बाजूला पत्र्याला पुढं झाप बांधा. ड्रिंकरखालची थापलेली गादी खोऱ्यानं काढून बाहेर टाका, तिथं कोरडं तूस घाला, बाकीची रोज खाली-वर करा. चुन्याचा मोह आवरा. ओल्या गादीवर पक्षी असताना चुना मारला की अमोनिया आणखी उसळतो. चुना शेड रिकामी असताना. आजरा-चंदगडकडचं तूस पावसाळ्यात ओलं येतं, ते मार्च-एप्रिलमध्येच भरून ठेवलेलं बरं. तूस मिळत नाही म्हणून कारखान्याचा बगॅस पसरणारे आहेत. तो जरा ओला राहिला की बुरशी धरतो आणि बुरशीचा फुफ्फुसाचा आजार पुन्हा ‘घुरघुर’ म्हणूनच दिसतो. त्याच्यावरही अँटिबायोटिक चालत नाही.

अजून एक. मानमोडीची लासोटा लस दिल्यावर ३ ते ५ दिवस किंचित घुरघुर ऐकू येते, ती लसीची प्रतिक्रिया असते. पक्षी खात-पीत असेल, मर नसेल, तर हवा मोकळी ठेवून गप्प बसायचं. याच दिवसांत सगळ्यांत जास्त अँटिबायोटिक विनाकारण खपतं, असा माझा अनुभव आहे.

पाण्याकडं येऊ. निपल लाईनचं, म्हणजे पक्ष्यांना पाणी देणाऱ्या पाईपाचं, शेवटचं टोपण फिरवून काढा आणि आत बोट घाला. बुळबुळीत लागलं तर तुम्ही पक्ष्यांना पाणी पाजत नाही, जंतूंच्या थरातून गाळून काहीतरी पाजताय. आपल्याकडं पिल्लं उतरली की गुळाचं पाणी देतात. गूळ कोल्हापूरचा, त्याला नावं कोण ठेवणार? पण तो पहिल्या काही तासांत हाताच्या ड्रिंकरमधून द्या, लाईनमध्ये सोडू नका. गोड पाण्यावर तो थर झपाट्यानं वाढतो, आणि वरून औषध सोडलं की थरातले जंतू रोज थोडं थोडं औषध चाखत त्याला सरावतात. दोन बॅचच्या मध्ये हायड्रोजन पेरॉक्साईड असलेल्या लाईन क्लीनरनं पाईप धुवा, बॅच चालू असताना क्लोरीन ठेवा, आणि क्लोरीन टाकीत नव्हे तर शेवटच्या निपलला तपासा, ३ ते ५ पीपीएम मिळायला हवं. फक्त लसीच्या दिवसाच्या एक-दोन दिवस आधीपासून ते बंद करायचं आणि लसीच्या पाण्यात लिटरला ५ ग्रॅमच्या आसपास स्किम्ड दूध पावडर घालायची, नाहीतर लसच मरते. मेलेल्या लसीमुळं आलेला गंबोरो मी पुष्कळ बघितलाय, आणि त्यावर ओतलेली अँटिबायोटिकंही.

पाण्यातून औषध देताना ‘लिटरला अर्धा मिली’ हे गणित फसवं आहे. औषध वजनावर मोजायचं असतं. उदाहरण म्हणून एन्रोच घ्या. डोस किलोला १० मिलिग्रॅम. १.२ किलोचे ३,००० पक्षी म्हणजे ३,६०० किलो, म्हणजे दिवसाला ३६ ग्रॅम, म्हणजे १० टक्क्यांच्या द्रावणाचे ३६० मिली. आता मे महिन्यात हे पक्षी १,००० लिटर पाणी पितात असं धरा. लिटरला अर्ध्या मिलीनं ५०० मिली गेलं, जास्त झालं. जुलैच्या गारठ्यात तेच पक्षी ४५० लिटर पितील, तर २२५ मिली, साठ टक्क्यांच्या वर थोडंसं. त्यात आजारी पक्षी अजून कमी पितो, म्हणजे ज्याला गरज आहे त्यालाच सगळ्यांत कमी. जंतू मरत नाही, फक्त शिकतो. म्हणून डॉक्टरांना पक्ष्यांची संख्या, सरासरी वजन आणि कालच्या दिवसाचं पाणी, हे तीन आकडे सांगा. बोअरचं पाणी जड असेल तर तेही सांगा. त्यातलं कॅल्शियम डॉक्सी आणि एन्रो दोन्हींना बांधून ठेवतं. आणि एकदा कोर्स सुरू झाला की जेवढे दिवस लिहिलेत तेवढे पूर्ण. दुसऱ्या दिवशी मर थांबली म्हणून अर्धी बाटली पुढच्या बॅचला राखून ठेवायची नाही. त्या दिवसांत प्रोबायोटिकही, म्हणजे उपयोगाचे जंतूही देऊ नका, एका हातानं पेरून दुसऱ्या हातानं उपटल्यासारखं होतं ते. कोर्स संपल्यावर द्या.

कायद्याचं थोडं. ही औषधं प्रिस्क्रिप्शनशिवाय विकायची नाहीत. दुकानदार देतो म्हणजे ते कायदेशीर होत नाही. कोलिस्टिन जुलै २०१९ पासून खाद्यप्राण्यांसाठी देशभर बंद आहे. त्याआधी, २०१५ च्या अखेरीस, चीनमधून एमसीआर-१ नावाच्या जनुकाची बातमी आली होती, जे एका जंतूकडून दुसऱ्याकडं कोलिस्टिनचा बचाव पोचवतं. माणसाच्या अतिदक्षता विभागात बाकी सगळं थकल्यावर जे औषध काढतात, ते आपण कोंबडीच्या खाद्यात वजनवाढीसाठी घालत होतो. जुन्या स्टॉकमधली पावडर कपाटात असेल तर ती वापरायची नाही. तुम्ही मध्ये देता त्या ‘पोट साफ’ पावडरीचं लेबल आधी वाचा. घटकच लिहिले नसतील, तर ‘हर्बल’ म्हणून विकली तरी घेऊ नका.

विथड्रॉअल, म्हणजे शेवटच्या डोसपासून कत्तलीपर्यंत सोडायचे दिवस, हा तुमच्या बॅचचा कळीचा मुद्दा आहे. औषधाच्या लेबलवर तो लिहिलेला असतो. ज्याचा कालावधी तपासून ठरवलेला नाही, त्याला २०१२ च्या नियमानं कोंबडीच्या मांसासाठी किमान २८ दिवस आणि अंड्यांसाठी किमान ७ दिवस धरावे लागतात. चोविसाव्या दिवशी असलं औषध दिलं, तर बॅच बावन्नाव्या दिवसापर्यंत उचलता येणार नाही. करारात तुमचं लिफ्टिंग, म्हणजे पक्षी उचलणं, चाळिसाव्या दिवसाच्या आसपास असणार. म्हणजे ते औषध तुमच्यासाठी बादच. अंड्याच्या कोंबड्यांना तर एन्रो द्यायचंच नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं १ एप्रिल २०२५ पासून अन्नातल्या औषधाच्या अंशांचे नियम आणखी कडक केलेत, त्यामुळे खरेदीदार आता रिपोर्ट मागू लागले तर नवल नाही. पण एक गल्लत होते ती टाळा. विथड्रॉअल पाळल्यानं मांसातला औषधाचा अंश जातो, औषधाला न जुमानणारा जंतू जात नाही. तो आतड्यातून मांसावर, पकडणाऱ्याच्या हातावर आणि दुकानाच्या ओट्यावर जातो. रस्सा उकळला की तो मरतो हे खरं, पण कच्चं चिकन कापलेल्या फळीवर मग कांदा चिरला तर?

(गिऱ्हाईक मात्र अजून हार्मोनच्या इंजेक्शनबद्दल विचारतं. ३,००० पक्षी धरून रोज सुया टोचायला माणसं कुठून आणायची, हा विचार कोणी करत नाही. पक्षी जातीमुळं आणि खाद्यामुळं वाढतो. विचारायचा प्रश्न अँटिबायोटिकचा आहे.)

करारावर असल्यानं औषध तुमच्या हातात नाही, हे मला मान्य आहे. सुपरवायझर बाटली देतो, तुम्ही ओतता, आणि खर्च उत्पादनखर्चात धरून तुमचा ग्रोइंग चार्ज, म्हणजे पक्षी वाढवण्याचा मोबदला, कमी होतो. तरी एवढं करा, बिन-लेबलची बाटली घेऊ नका, आणि एक साधी वही ठेवा. तारीख, लक्षण, औषधातला घटक, बाटलीचा बॅच नंबर, किती आणि किती दिवस, कोणी सांगितलं, शेवटचा डोस कधी, रोजची मर किती. दोन-तीन बॅचनंतर ती वही समोर ठेवून कंपनीशी बोललात तर बोलणं वेगळं होतं.

पुढच्या बॅचला पहिल्या ३ दिवसांचं एन्रो बंद करायचं. पण शेड आहे तशीच ठेवून फक्त औषध बंद केलंत तर मर वाढेल आणि तुम्ही मला शिव्या द्याल. आधी जुनी गादी पूर्ण बाहेर, धुणं, चुना, आणि मध्ये निदान दोन आठवडे शेड रिकामी. पिल्लं यायच्या आधीच ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारा हीटर) चालू करून गादी गरम हवी. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीला ३३ ते ३५ अंश, मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी. थंडीनं गोळा झालेलं पिल्लू पाणी पीत नाही, बलक जिरत नाही, आणि तिथूनच पहिल्या आठवड्याची मर सुरू होते. पिल्लं सोडल्यावर ८-१० तासांनी पाच-पन्नास पिल्लांच्या गळ्याखालची अन्नाची पिशवी बोटांनी चाचपा. जवळजवळ सगळ्यांची भरलेली आणि मऊ लागली, तर एन्रोची गरज नाही.

आणि या बॅचची गादी. अँटिबायोटिक दिलेल्या पक्ष्यांचं खत तसंच्या तसं उसात टाकू नका, ओढ्याकाठी तर ढीगही लावू नका, पहिल्या मोठ्या पावसात सगळं पंचगंगेला जातं. शेडपासून लांब, उंच जागेवर ढीग रचा, ओल जेमतेम ठेवा, वर प्लास्टिक टाका. आत हात घालवणार नाही इतका तापला की आठवड्या-दोन आठवड्यांनी फिरवा, असं दोन-तीनदा. मग उसाला घाला. मेलेले पक्षी या ढिगात नकोत. त्यांना खोल खड्डा, चुना आणि वर कुत्र्यांना उकरता येणार नाही एवढी माती.